देवळाची आंघोळ

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं गाव सांगत असे. त्याची नुसती ओसरी उतरवून पुन्हा उभी करायला मला जवळजवळ दोन महिने लागले, आणि तेवढ्या काळात गावानं पांडवांची आठवण मला जितक्या वेळा करून दिली तितकी महाभारतातही नसेल.

'आमचं गाव' म्हणायचा माझा अधिकार तसा तीन वर्षांचाच. ग्रामसेवक म्हणून माझी पहिली नेमणूक तिथली. मेहकरहून लोणारकडे जाणारी एस.टी. एका बाभळीखाली थांबायची, तिथं उतरून अडीच मैल चाललं की गाव लागायचं. महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद त्याहून नवी होती आणि मी सगळ्यांत नवा. मूळचा मी जळगाव जामोदकडचा, म्हणजे जन्मापासून 'मले-तुले'त वाढलेला. पण प्रशिक्षण केंद्रात सहा महिने काढल्यावर मी पुस्तकासारखं बोलू लागलो होतो. 'नियोजन' हा शब्द मला तिथं मिळाला. नव्या चपलेसारखा तो मी घराबाहेर पडताना रोज घालत असे.

देऊळ गावाच्या उगवतीला. काळ्या दगडाचं, हेमाडपंती; चुना नाही, माती नाही, दगडावर दगड आणि खाचेत खाच. प्रशिक्षण केंद्राच्या कपाटातली एक पातळशी पुस्तिका मी वाचली होती, तेवढ्या बळावर मी गावाला सांगून टाकलं होतं की देऊळ यादवांच्या काळातलं, सातशे-आठशे वर्षांचं आहे. गावानं ऐकून घेतलं. सरपंच म्हणाले, "असन. पांडव त्याच्या आधी बांधून गेले असतीन."

सरकारी यादीत या देवळाचं नाव नव्हतं, त्यामुळे त्याची काळजी करायला गावच होतं. आणि काळजी करण्यासारखं झालं होतं. ओसरीच्या डाव्या अंगाला पिंपळ रुजला होता. त्याच्या मुळीनं पुढचा खांब बाहेर ढकलला होता आणि वरची तुळई एका बाजूला कलली होती. शिवरात्रीच्या दिवशी एक कपची सरपंचांच्या खांद्याला घासून खाली पडली, तेव्हा देवळाचा प्रश्न एकदम तातडीचा झाला. ओसरी उतरवायची, मुळी काढायची, पाया घट्ट करायचा आणि त्याच दगडांची ओसरी पुन्हा उभी करायची, अशी योजना मी मांडली. मला वाटतं, ती योजना वाईट नव्हती. वाईट होतं ते ती पटवताना मी केलेलं भाषण.

अडचण गुरवबाबांची होती. देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे, घर देवळाला लागून. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, देऊळघाटच्या घरात. मुलाचे आजोबा गेले म्हणून ते एकदा पुढं ढकललेलं होतं. आणि गावाची रीत अशी की देवळाची ओसरी उभी नसेल तर गावात कुणाच्याच घरी हळद दळायची नाही. नवरानवरी लग्न लागल्यावर ओसरीच्या तुळईखालून आत जातात, दोघं हळदीचा हात खांबाला लावतात, मगच नवरीला सासरच्या गाडीत बसवतात. ओसरी नाही तर लग्न नाही, इतका सरळ हिशेब.

"सायेब," गुरवबाबांनी शाळेत भरलेल्या ग्रामसभेत विचारलं, "वैशाखात उभी राहीन ना?"

"चैत्रातच उभी राहील," मी म्हणालो.

"पोरीचं लगन हाय. एक डाव सरकलं. आता सरकलं तं ते लोक दुसरीकडं पाहतीन."

"नियोजन केलेलं आहे, बाबा."

त्यांनी मला देवळात नेऊन शपथ म्हणून नंदीच्या पाठीवर हात ठेवायला लावला. मी ठेवला. दगड थंडगार होता. मला तेव्हा तो शुभ वाटला.

सभेत परतलो तरी मंडळी कुरकुरत होती. देवाच्या घराचे दगड असे गड्यांच्या हाताखाली, पायाखाली पडणार, हे म्हाताऱ्यांना रुचत नव्हतं. तेव्हा मी उभा राहिलो आणि आयुष्यातलं माझं सगळ्यांत परिणामकारक भाषण केलं. म्हणालो, "हे नुसते दगड समजू नका. यातला एकेक दगड म्हणजे साक्षात महादेव आहे. आपण त्याला देवासारखंच जपणार आहोत." सभा गप्प झाली. शाळेच्या भिंतीमागं बायका बसल्या होत्या, त्यांच्यातही एकदम शांतता पसरली. आपलं बोलणं इतकं खोल गेलं याचा मला फार आनंद झाला. किती खोल गेलं ते महिनाभरानं कळलं.

लोणारकडचा एक पाथरवट आणला. जाती, पाटे, वरवंटे घडवणारा माणूस. सोबत दोन भाऊ. तीन बल्ल्यांची, म्हणजे जाड वाशांची घोडी, तिला कप्पी, त्यातून दोर. दगड खाली उतरला की मी त्यावर आकडा टाकायचा आणि तो कुठं होता ते वहीत काढायचं, अशी माझी पद्धत. आकडे खडूनं. शाळेतून एक पेटी मागून आणली होती.

पाथरवट पहिल्याच दगडाला म्हणाला, "सायेब, खडू पुसते."

"पाऊस ज्येष्ठात येतो," मी म्हणालो. "आता फाल्गुन आहे."

"डांबराचा ठिपका मारला तं?"

"आठशे वर्षांच्या दगडाला डांबर?" मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो बिचारा पुन्हा दोराकडे वळला. आभाळाचा हिशेब मी चोख केला होता. गावातल्या बायका माझ्या हिशेबात नव्हत्या.

बारा दिवसांत ओसरी उतरली, पिंपळाची मुळी निघाली, पाया ठोकून घट्ट झाला. दगड देवळामागं, गुरवबाबांच्या परसात ओळीनं मांडले. एकशे सात. वही पूर्ण झाली. खांब, तुळई टेकते ती खांबावरची बैठक, तुळया, वरच्या कमळाच्या पाकळ्या, सगळं रेखाटून आकड्यांनी भरलेलं. ती वही काखेत मारून मी महिन्याच्या बैठकीला मेहकरला गेलो. गटविकास अधिकाऱ्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "पद्धत लिहून आणा, इतर गावांना दाखवू." त्या आनंदात मी एक दिवस जास्त राहिलो. हॉटेलात दोनदा भजी खाल्ली, एकदा अभिनंदनाची आणि एकदा उगीच.

परत आलो तो सकाळी दहाच्या सुमाराला. देवळाजवळ पोचायच्या आधीच ओल्या मातीचा वास आला. त्यात हळदीचा. मनाशी म्हटलं, काहीतरी पूजा झालेली दिसते. चांगलं आहे, लोकसहभाग वाढतोय.

परसात एकशे सात दगड काळेभोर चकचकत होते. प्रत्येकाला हळद, कुंकू आणि वर एकेक पळसाचं फूल. खडूचा आकडा एकावरही नाही.

गुरवबाबांची बायको, जिला सारं गाव मावशी म्हणायचं आणि मीही म्हणायचो, शेवटच्या घागरीतलं पाणी एका तुळईवर ओतत होती. तिच्याभोवती गावातल्या पंधरावीस बाया पदर खोचून उभ्या, कुणी घाम पुसतेय, कुणी कंबर धरतेय. मला पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि कौतुकाची वाट पाहू लागल्या.

"मावशी," मी म्हणालो, "हे काय केलं?"

"आंघोळ घातली," मावशी म्हणाली. "तुमीच म्हणले ना, एकेक दगड म्हंजे महादेव हाय. मंग बारा दिस महादेव बिगर आंघोळीचा ठेवाव काय आमी?"

"पण त्यांच्यावर आकडे होते."

"हाव, काही तं पांढरं लागलेलं होतं," दुसरी एक म्हणाली. "लय चिवट. नारळाच्या शेंडीनं घासा लागलं."

"उलथून-पालथून धुतले," तिसरी म्हणाली. "पहार लावून उलटे केले, इकडचे तिकडं सरकवले. देवाले पाठ नसते काय?"

मी मागं जो काही दगड होता त्यावर बसलो.

"उठा जी," मावशी म्हणाली. "देवावर बसून राह्यले."

मी उठलो. वही उघडून पाहिली. एकशे सात आकडे जिथल्या तिथं होते, सुवाच्य अक्षरात, दोन रंगांत. फक्त ते ज्या दगडांचे होते, ते दगड त्यांना ओळखत नव्हते.

पुढचे दोन दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. पाथरवटाला बोलावून म्हणालो, "माझ्या लक्षात आहे, आपण सुरू करू." लक्षात एवढंच होतं की खांब खाली असतो आणि छत वर. त्या आधारावर आम्ही आठ दिवस झटलो. एक बैठक बसवली ती डुगडुगली. तिच्यावर दुसरी बसवली, ती बसेचना. खांबाचा एक तुकडा चारही बाजूंनी फिरवून पाहिला, आणि प्रत्येक वेळी मी ठामपणे म्हणालो, "हीच बाजू." शेवटी जे उभं राहिलं त्याभोवती पाथरवट एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "सायेब, महादेव याच्यातून बाहेर नाही निघनार."

आम्ही ते पुन्हा उतरवलं.

आता गाव जमू लागलं. पारावरची म्हातारी मंडळी पार सोडून परसात येऊन बसायची. काम चाललंय तर पाहावं, इतका साधा हेतू.

"पांडवाले किती वेळ लागला होता गा?" एक दुसऱ्याला विचारायचा.

"एक रात."

"आन ते तं पाचच होते."

"त्याइच्यापाशी वही नव्हती ना."

सरपंच मात्र हसत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काऊन बे, खरं सांग, जमते का नाही?" इतके दिवस ते मला अहो-जाहो करत. त्या 'बे'वरून माझी किंमत नेमकी किती उरली ते मला कळलं.

आणि गुरवबाबा काहीच बोलत नव्हते. सकाळी येऊन पिंडीला पाणी घालायचे, जाताना दगडांच्या ढिगाकडे एकदा पाहायचे, मग माझ्याकडे. त्यांनी शिवी दिली असती तर मी दुपारचं जेवण नीट जेवलो असतो.

चैत्राच्या सुरुवातीला मुलाचा मामा देऊळघाटहून आला. पांढरं धोतर, पिळदार मिशा, भाजीच्या मळ्याचा मालक, नजर बाजारात वांगी निवडणाऱ्याची. तो थेट परसात आला आणि ढिगाकडे पाहत उभा राहिला.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

गुरवबाबांनी माझ्याकडे पाहिलं. इथं मी गप्प बसायला हवं होतं.

"काम नियोजनाप्रमाणे चालू आहे," मी म्हणालो. "सध्या वाळवणीचा टप्पा आहे."

"दगड वाळून राह्यले?"

"धुतल्यावर वाळवावे लागतात. शास्त्रीय पद्धत आहे."

मामानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्याकडं पापड वाळवतेत," तो म्हणाला. मग गुरवबाबांकडे वळला. "पाहुने, तुमची रीत तुमची. आमाले तिच्यात पडाचं नाही. पन एक साल आमी थांबलो. आखाजीले मी येतो. ओसरी उभी दिसली तं चार दिसांनी वऱ्हाड आनतो. नाही दिसली तं पोराले दुसरं स्थळ आलेलं हाय."

तो गेला. ज्या मुलीचं लग्न, ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला आणि खाली पाहत म्हणाली, "सायेब, एक सांगू? तुमी आता काही बोलू नका. तुमी बोलले का काही तं होते."

त्या दिवसापासून माझं काम एवढंच. रोज सकाळी परसात जायचं, दगडांभोवती फिरायचं, वही उघडायची, मिटायची. राजीनाम्याचा मसुदाही मी केला होता. त्यातसुद्धा 'नियोजन' हा शब्द दोनदा आला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे राहिले तेव्हा पाथरवटाची बायको नवऱ्याची भाकर घेऊन आली. ती गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायची. जात्याच्या तळीला बारीक टवके मारून ती पुन्हा खरखरीत करायची. दगडाकडे पाहायची तिला सवय. नवरा जेवत होता, ती खांबाच्या एका उभ्या ठेवलेल्या तुकड्याशेजारी उकिडवी बसली होती. मी वही घेऊन चाललो होतो. ती म्हणाली, "भाऊ, हे चित्र कोनी काढलं?"

"कुठलं चित्र?"

"हे पिवळं. मासोळी."

मी वाकलो. दगडाच्या त्या अंगावर, म्हणजे जे अंग दुसऱ्या दगडाखाली दडलेलं असायचं त्या अंगावर, बोटाएवढी मासोळी होती. दोन वाकड्या रेघा आणि एक शेपूट. इतकी बारीक कोरलेली की नुसत्या दगडात मला ती शंभर वेळा पाहूनही दिसली नव्हती. आत्ता दिसत होती, कारण तिच्या रेघांमध्ये हळद बसली होती. बायांनी हाताला लागेल त्या अंगाला हळद फासली होती. वरची वाऱ्यानं, पाण्यानं गेली होती, खोल रेघांतली राहिली होती.

"पोरासोरांनी कोरलं असेल," मी म्हणालो. शहाणपण अजून पूर्ण उतरलं नव्हतं.

ती उठली आणि दगडांमधून हळूहळू चालायला लागली, प्रत्येकाला वळसा घालून, वाकून, तांदूळ निवडावेत तशी. सातव्या की आठव्या दगडाशी थांबली. "इथं बी मासोळी हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याला हाक मारली, "अहो, भाकर ठेवा खाली. हे पहा. ह्या दोघाइची जोडी हाय."

पाथरवट आला. त्यानं दोन्ही दगडांवरून हात फिरवला. एकाला वर गुढी, म्हणजे बोटभर उंचवटा होता, दुसऱ्याला खाली तेवढीच खाच. त्यानं भावांना बोलावलं, दोर बांधले, कप्पी ओढली, आणि दुसरा दगड पहिल्यावर अलगद सोडला. तो बसला. डुगडुगला नाही, कुरकुरला नाही. डब्यावर झाकण बसावं तसा 'टप्' आवाज आला. मासोळीवर मासोळी गेली आणि दोन्ही दिसेनाशा झाल्या.

मग पाथरवट मला म्हणाला, पण टोमण्यानं नाही, समजूत काढावी तसं: "सायेब, त्याइनं आकडा आत लिवला. वरून लिवला का पुसते."

त्या दिवशी सारं परस खाणाखुणा शोधायला लागलं. ज्या बायांनी आकडे धुतले होते त्याच आता हळदीच्या वाट्या घेऊन आल्या आणि उरलेल्या अंगांना हळद चोळून ओल्या फडक्यानं पुसू लागल्या. एकेक खूण उमटत गेली. धनुष्य. विंचू. नांगराचा फाळ. दोन रेघा आणि एक ठिपका. शंख. एका ठिकाणी मोर काढायचा प्रयत्न होता, तो कोंबडीवर थांबला होता. त्याची जोडी सापडली तिथंही कोंबडीच निघाली. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणी कारागीर, खाणीपाशी दगड घडवताना, इथं गाडीतून आल्यावर घोटाळा होऊ नये म्हणून हे करून गेला होता. माझ्यासारखा एखादा तिथं वही घेऊन असेलही. त्याला कुणी विचारलं नसावं.

"विंचू कोनापाशी हाय?" एका टोकाकडून हाक यायची.

"माह्यापाशी. धाकला विंचू का मोठा?"

"नांगी डावीकडं हाय."

"मंग आन इकडं."

पारावरच्या म्हाताऱ्यांनाही काम मिळालं. त्यांच्यातल्या एकानं दिवसभर बसून शंख जुळवले आणि संध्याकाळी घोषणा केली की पांडवांनी एका रात्रीत बांधलं ते असं; खुणा असल्या तर काय अवघड आहे. पांडवांवरचा गावाचा विश्वास तसूभरही कमी झाला नाही. उलट त्यांची पद्धत कळल्यानं वाढला.

वही मी हातात धरूनच होतो. ती पाहत राहिलं की कुणी दगड उचलायला बोलवत नाही, एवढा तिचा उपयोग होता. तरी एकदा, वरच्या कमळाच्या पाकळ्यांशी काम अडलं तेव्हा, माझ्या रेखाटनात पाकळ्या आठ आहेत आणि आम्ही नववी बसवायला बघतोय हे मी दाखवून दिलं. नववा दगड कोपऱ्याचा निघाला. सगळ्या कामात माझा म्हणता येईल असा तो एकच हातभार. म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आखाजीच्या दोन दिवस आधी ओसरी उभी राहिली. तुळईखाली अजून लाकडी टेकू होते, पण उभी होती. मी मावळतीचं ऊन तुळईवर पडलेलं पाहत होतो आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात पाथरवटाचा भाऊ म्हणाला, "सायेब, एक उरला."

परसात एक दगड होता. चौकोनी, काळा, एक बाजू गुळगुळीत. एकशे सातांपैकी एकशे सहा लागले आणि हा उरला. मी ओसरीभोवती तीनदा फिरलो. कुठं भोक दिसेना. पाथरवटानं तो दगड उलटसुलट पाहिला. खूण नाही, गुढी नाही, खाच नाही. एक दगड कमी असलेली ओसरी आज उभी दिसेल. पण टेकू काढल्यावर?

गुरवबाबा जवळ आले. त्यांनीही दगड पाहिला, आणि त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की आता हा माणूस मला नंदीपाशी नेऊन काहीतरी विचारणार.

"अवो," त्यांनी घरात हाक मारली. "इकडं या जरा."

मावशी आली. दगडाकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

"हा इथं हाय होय," ती म्हणाली. "माहा धुन्याचा दगड. दीड महिना झाला शोधून राह्यली मी. शेजारनीशी भांडली याच्यापायी."

मग मला आठवलं. उतरवण्याच्या शेवटच्या संध्याकाळी परसात एक दगड बिनआकड्याचा दिसला होता. माझ्याकडून राहून गेला असं समजून मी घाईनं त्यावर एकशे सात टाकलं होतं, आणि वहीत त्याला मागच्या कोपऱ्यात एक जागाही काढून दिली होती. त्या दगडाला बायांनी आंघोळ घातली होती, हळदकुंकू लावलं होतं, पळसाचं फूल वाहिलं होतं. मावशीनं स्वतः.

गुरवबाबा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी खांदे हलले, मग आवाज आला. ते हसतात म्हणून मावशी हसली, मग पाथरवट, मग सगळं परस. मी हसलो नाही, मी खालीच बसलो, त्याच दगडावर. या वेळी कुणी उठ म्हणालं नाही.

आखाजीच्या दिवशी मामा आला. गाव आधीच जमलं होतं. त्यानं ओसरी पाहिली, खांबांना हात लावून पाहिला, टेकूंकडे बोट दाखवलं. "हे काढल्यावर उभी राह्यते ना?"

"राह्यते," गुरवबाबा म्हणाले.

"कोन सांगते?"

"सायेब सांगते. सायेब खाली उभे राहतीन."

मला हे आधी कुणी विचारलं नव्हतं. पण नंदीच्या पाठीवर हात मीच ठेवला होता. मी तुळईखाली जाऊन उभा राहिलो. डोळे मिटू नयेत म्हणून समोर पिंडीवर टपटपणारं पाणी पाहत राहिलो. पाथरवटानं पहिल्या टेकूवर हातोडा मारला. तो निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला वरून थोडी धूळ पडली, माझ्या टोपीवर. माझ्या तोंडून काहीतरी बारीक आवाज निघाला, ज्याचं वर्णन गाव माझी बदली होईपर्यंत करत राहिलं. चौथा निघाला.

काहीच झालं नाही. तुळई जिथं होती तिथंच होती.

"निघा आता बाहेर," सरपंच म्हणाले. "अहो, झालं. निघा." पुन्हा 'अहो' झाल्याचं माझ्या कानानं आधी टिपलं, मग पायांना कळलं.

मामानं मिशीवरून हात फिरवला आणि गुरवबाबांना म्हणाला, "चार दिसांनी वऱ्हाड आनतो." त्या दुपारी गावात जाती सुरू झाली. नुसत्या गुरवबाबांच्या घरी नाही. ज्यांची ज्यांची लग्नं खोळंबली होती त्या सगळ्या घरांत हळद दळायला लागले. मी माझ्या खोलीत बसून ती घरघर ऐकली आणि राजीनाम्याच्या कागदाचा कोरा अर्धा भाग फाडून त्यावर महिन्याचा अहवाल लिहायला घेतला. 'दगडांच्या जोडखुणा हळदीच्या लेपाने तपासण्यात आल्या' असं त्यात लिहिलं, जणू हे आधीपासून ठरलेलं होतं. गटविकास अधिकाऱ्यांनी समासात एवढंच विचारलं: 'हळद कोणत्या योजनेतून?'

लग्न झालं. देऊळघाटच्या मंडळींनी जेवणात वांग्याची भाजी नावाजली, आणि ज्यांचा भाजीचा मळा आहे त्यांनी ती नावाजली म्हणून मावशी खूश होती. नवरानवरी ओसरीखालून आत गेली, दर्शन घेऊन बाहेर येताना थांबली, दोघांनी हळदीचे हात खांबाला लावले. खांबाच्या आत कुठंतरी, त्या हातांच्या वितभर वर, मासोळीवर मासोळी टेकलेली होती. ती आता कुणाला दिसणार नव्हती.

गुरवबाबा खांबाला टेकून उभे होते, डोळे पुसत, आणि पुसत नसल्याचं दाखवत. मुलगी गाडीकडे निघाली, पण मध्येच वळून माझ्यापाशी आली. तिनं तुळईकडे वर पाहिलं.

"राहीन ना हे, सायेब?"

त्या घराशी बोलताना माझी पुस्तकी मराठी केव्हाच गळून गेली होती. "राहीन," मी म्हणालो. "त्याच्यात माहं काहीच नाही."

"मंग राह्यते," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.